पिण्यास अयोग्य

आमच्या खानावळीत शिरलं की उजव्या हाताच्या भिंतीवर एक चौकट दिसते. सरकारी स्वच्छतेचा दाखला. खाली शेरा आहे, ‘उत्तम’. शनिवार-रविवारी समुद्रावर जाणारी मंडळी जेवायला थांबतात, त्यातले काही त्या दाखल्याचा फोटो काढतात. कुणी म्हणतं, ‘ताई, असं पाहिजे बघा.’ मी मान डोलावते आणि ताटं लावायला आत जाते. त्या चौकटीकडे मी आपणहून बघत नाही. धूळ बसली तर दुसऱ्या कुणाला पुसायला सांगते.

मी काही इथली नव्हे. माहेर साताऱ्याकडचं, वडील नोकरीपायी विरारला आलेले. दोन खोल्यांचा फ्लॅट, नळाला एक दिवसाआड पाणी, आणि ते येईल तेव्हा घरातली सगळी भांडी, अगदी चहाची किटलीसुद्धा भरून ठेवायची. लग्न होऊन वसईला, होळी नाक्याच्या पुढच्या या वाडीत आले, तेव्हा नवऱ्याआधी मला विहीर आवडली असं म्हटलं की नवरा अजून चिडतो. पण खरं आहे ते. केळी आणि पानवेलींच्या मधोमध काळ्या दगडात बांधलेली गोल विहीर, काठावर सोनचाफा, आणि पाणी असं की उन्हाळ्यातसुद्धा दातांना गार लागायचं. आल्या आल्या मी फुलपात्रामागून फुलपात्र प्यायले. सासरे ओटीवर बसून बघत होते. म्हणाले, ‘सूनबाई, पाणी पळून जात नाही. उद्याही आहे.’

सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे. विहीर त्यांच्या आजोबांनी खणलेली, आणि आबा तिच्याबद्दल असे बोलायचे जशी काही ती घरातली वडीलधारी बाईच. ‘आज ती जरा उदास आहे’, म्हणजे पाणी खाली गेलंय. ‘आज खुशीत आहे’, म्हणजे पाऊस झाला. मला सुरुवातीला वाटायचं, म्हातारा जरा सरकलेला आहे. मी तोंडावर म्हटलंसुद्धा एकदा. आबा म्हणाले, ‘टाकीचं पाणी पिऊन वाढलेल्या पोरीला काय कळणार?’ आमचं दोघांचं पटायचं म्हणजे रोज एक भांडण व्हायचंच. ज्या दिवशी झालं नाही त्या दिवशी सासूबाई विचारायच्या, काय गं, बरं नाही का तुला?

सासूबाई गेल्या, पाठोपाठ नवऱ्याची कंपनी बंद झाली, आणि फुलं-पानं विकून घर चालेना. तेव्हा मी ओटीवर खानावळ काढली. वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी, बोंबील मिळाले तर बोंबील. नवऱ्याला वाटत होतं चार दिवसांची हौस आहे. पण लोक यायला लागले. वसंतनगरीतले, एव्हरशाईनमधले, पार जूचंद्रकडच्या नव्या इमारतींतले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला केळीच्या सावलीत बसून जेवायचं म्हणजे चैनच. मला वाटायचं ते माझ्या बिरड्यासाठी येतात. आबांना पक्की खात्री होती की ते पाण्यासाठी येतात.

आणि त्यांच्यापाशी तसा पुरावाही होता. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी, मग नाव-गाव. खानावळ झाली म्हणून आबांनी ती रीत सोडली नाही. उलट तेच त्यांचं काम झालं. धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून दारात उभे. हातात पितळी ताट, त्यात केळीच्या पानाच्या तुकड्यावर गुळाचे खडे आणि भरलेली फुलपात्रं. गिऱ्हाईक कोण आहे, गाडीतून आलंय की चालत, त्याचं आबांना काही नव्हतं. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने द्यायचे आणि तो पिताना त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. पहिल्या घोटाला माणसाचे डोळे जरा मिटतात ना, तेवढ्यासाठी. ते दिसलं की म्हणायचे, ‘बसा आता, जेवा.’ मी आतून ओरडायचे, ‘आबा, पाण्यानेच पोटं भरताय लोकांची, माझ्या भाकऱ्या उरतात.’ ते ओरडायचे, ‘उरल्या तर मला वाढ.’

वाडी कमी होत गेली होती, गुडघे गेले होते, ऐकू कमी येत होतं. भावकीत त्यांचा सल्ला आता कुणी विचारत नव्हतं. पण दारातलं पाणी त्यांचं होतं. त्या ताटासाठी ते सकाळी उठत होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग परवान्याच्या नूतनीकरणाआधी अन्न खात्याच्या मॅडम तपासणीला आल्या. ऐन जेवणाच्या वेळी. वय माझ्या भाचीएवढं, पाठीला सॅक, हातात थर्मामीटर. आबांनी नेहमीप्रमाणे ताट पुढे केलं. ‘ड्यूटीवर असताना काही घेत नाही आम्ही, आबा,’ असं ती हसून म्हणाली आणि आत आली. बोलली गोडच, पण आबा ताट धरून तसेच उभे राहिले. दारात आलेला माणूस पाण्याला नाही म्हणतो हे त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं. वैरीसुद्धा आधी पाणी पितो आणि मग भांडतो, असं त्यांचं म्हणणं.

स्वयंपाकघरात मॅडमनी फ्रिज उघडला. वरच्या फळीवर कच्चे बोंबील आणि त्यांच्या बरोबर खाली शिजवलेलं बिरडं, उघडं. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जगाला स्वच्छता शिकवणारी बाई, आणि माझ्याच फ्रिजमध्ये हे. मग त्यांनी चांदीपहून येणाऱ्या आमच्या भाकरीवालीच्या हातांकडे पाहिलं. मनगटापासून वर काचेच्या बांगड्या. ‘फुटून पिठात पडली तर?’ भाकरीवाली म्हणाली, ‘नवरा जिता हाय माजा. कशा काढू?’ शेवटी बांगड्यांवरून कापडी बाही चढवायची असं ठरलं आणि दोघी खूश झाल्या. मॅडम समजूतदार होत्या, हे मी सांगितलंच पाहिजे. त्यांच्यावर राग काढणं सोपं आहे, पण तो खोटा होईल.

बाहेर येऊन मॅडमनी विचारलं, ‘पाणी कुठलं वापरता?’

‘विहिरीचं,’ आबा म्हणाले. अगदी सातबारा दाखवावा तसे.

‘तपासणीचा अहवाल आहे?’

‘कसला?’

‘पाण्याचा. प्रयोगशाळेचा. दर सहा महिन्यांनी करून घ्यावा लागतो.’

आबा हसले. त्यांना वाटलं पोरगी थट्टा करते आहे. मग त्यांनी तिला विहिरीची सगळी कुळकथा सांगितली. आजोबांनी कशी खणली, दुष्काळात समोरच्या ख्रिस्ती वाडीतल्या लग्नालासुद्धा इथूनच पाणी कसं गेलं. तिने ऐकून घेतलं. मग कुंपणापलीकडे बोट केलं आणि विचारलं, ‘ती बिल्डिंग कधी झाली?’

कुंपणाला लागून सात मजली इमारत आहे. ती जागा आबांच्या चुलतभावाच्या मुलांनी विकली. इमारतीचा सेप्टिक टँक आमच्याच बाजूला, भिंतीच्या पलीकडे. आम्हाला ते ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि त्याचा विचार करणं वेगळं.

मॅडमनी सुधारणेची नोटीस दिली. बाकी सगळं आमच्या हातातलं होतं, जाळ्या, टोप्या, कामगारांची वैद्यकीय तपासणी. पाण्याला मात्र दोनच मार्ग. अहवाल चांगला आला तर विहीर चालू, नाहीतर गिऱ्हाइकाला विहिरीचं पाणी द्यायचं नाही.

नवरा म्हणाला, जार मागवू. सगळेच मागवतात. झंझटच नको. खरं तर त्याच दिवशी जार मागवले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं. विहीर नापास तरी झाली नसती. पण मी हट्टाला पेटले. मला ती विहीर पास व्हायला हवी होती, आबांना हवी होती तितकीच. मी त्यांच्यामागे लागले. ‘आबा, एक बाटली पाणी द्यायचंय फक्त. तुमच्या विहिरीला काय कमीपणा येणार आहे?’

‘मुलगी बघायला येतात तसे माझ्या विहिरीला बघायला येणार? आणि पसंत-नापसंत कळवणार?’

‘मग येऊ देत की. आपली मुलगी काय काळीबेंद्री आहे?’

संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना मला म्हणाले, ‘चालेल. पण तिला अशी गबाळी दाखवायची नाही. आधी उपसून घेऊ. गाळ काढू, भिंती घासू. मग घेऊन जाऊ दे काय न्यायचं ते.’

मला ते इतकं पटलं. कुणालाही पटलं असतं. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की सारवण होतं, अंगण झाडलं जातं, पोराला परीक्षेला पाठवताना तोंड धुऊन, दही देऊन पाठवतात. विहिरीची परीक्षा आहे, तर विहीर स्वच्छ करून ठेवायची. यात चुकीचं काय असेल असं मला वाटलं नाही, नवऱ्याला वाटलं नाही, बघायला आलेल्या अर्ध्या गावाला वाटलं नाही.

वैशाख होता. पंप लावून दिवसभर पाणी उपसलं. समोरच्या ख्रिस्ती वाडीतल्या काकांनी आपला पंपही आणून दिला. तेही त्याच विहिरीच्या पाण्यावर वाढलेले. मग दोन माणसं खाली उतरली आणि पाट्या भरभरून काळा गाळ वर यायला लागला. गाळात काय काय निघालं. तुटका रहाटाचा दात, पोरांचे चेंडू, आणि एक पितळेचं फुलपात्र. काळं पडलेलं, पण शाबूत. आबांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि खाली बसले. सासूबाईंच्या हातून पडलेलं. त्या नव्या नवरी असताना पाणी काढताना पडलं होतं, आणि त्यावरून त्यांच्या सासूने दिवसभर बोलून घेतलं होतं म्हणे. आबांनी स्वतः चिंच लावून ते घासलं. नंतर दुसऱ्या कुठल्या भांड्यातून ते पाणी प्यायलेच नाहीत.

भाकरीवालीने सुचवलं होतं की दवाखान्यातून ती पांढरी पूड आणून टाका, त्यांच्या गावात टाकतात. आबा म्हणाले, ‘औषधाचा वास येईल तिला.’ त्याऐवजी त्यांनी पूजा केली. हळदकुंकू, चाफ्याची फुलं, नारळ, आणि पेलाभर दूध आत सोडलं. मी शेजारी आरती घेऊन उभी होते. मी नवरात्रातसुद्धा इतकी मनापासून हात जोडून उभी राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारून विहिरीवर नेलं. पाणी चांगलं वर आलं होतं. ‘बघ, झरे मोकळे झाले. त्या अंगाने तर कसं जोरात येतंय,’ असं म्हणून त्यांनी इमारतीच्या बाजूचा दगड दाखवला. तिथून पाणी पाझरत होतं, उन्हात चमकत होतं. आम्ही दोघं काठावर वाकून कौतुकाने बघत होतो.

त्याच दिवशी प्रयोगशाळेचा माणूस बर्फाची पेटी घेऊन आला. आबांनी त्याला गूळपाणी दिलं, त्याने ते पिऊन वर आणखी मागून घेतलं. आबा माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते. नमुन्याची बाटली दोरीला बांधून विहिरीत सोडली तीही आबांनीच. त्या माणसाने फक्त झाकण लावलं.

अहवाल आला तेव्हा आम्ही चहा घेत होतो. नवऱ्याने फोनवर उघडून वाचला आणि फोन पालथा ठेवला. आबा म्हणाले, मोठ्याने वाच. त्याने आकडे गाळले आणि शेवटची ओळ वाचली. पिण्यास अयोग्य. आबांना ऐकू कमी येतं म्हणून त्याला ती पुन्हा मोठ्याने वाचावी लागली. शेजारची कुत्रीसुद्धा ऐकतील इतक्या मोठ्याने.

‘म्हणजे काय निघालं तिच्यात?’

‘जंतू,’ नवरा म्हणाला. ‘सांडपाण्यातले.’ मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘हात दाखवून अवलक्षण. सांगत होतो जार मागवू.’

आबा कपातला चहा तसाच ठेवून उठले आणि मागे गेले.

मी काही तिथे सोडणाऱ्यांतली नव्हते. सरळ मॅडमच्या ऑफिसात गेले, तावातावाने. म्हटलं, तुमच्या प्रयोगशाळेत काहीतरी घोळ झालाय, आम्ही कालपरवाच विहीर उपसून लख्ख केली, पूडबीड न टाकता दूध सोडून पूजा केली. ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘उपसून लगेच नमुना घेतलात?’ मग तिने मला समजावून सांगितलं. विहीर रिकामी केली की आजूबाजूच्या जमिनीतलं सगळं पाणी तिच्यात धावतं. शेजारी सेप्टिक टँक असेल तर तेही ओढलं जातं. शिवाय गाळ ढवळलेला, जंतुनाशक पूड नाही, वर दूध. ‘ताई, नेहमीच्या दिवशी तसंच पाणी दिलं असतंत तर कदाचित वेगळा अहवाल आला असता. खात्री नाही देत मी. पण पूड टाका, थोडे दिवस जाऊ द्या, उपसू नका, आणि पुन्हा नमुना द्या. मी थांबते तोवर.’

मी उड्या मारत घरी आले. आबा विहिरीपाशीच बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते उठून उभे राहतील. पण त्यांच्या डोक्यात त्यातलं एकच शिरलं.

‘म्हणजे मीच तिच्यात घाण ओढली.’

‘आबा, तसं नाही. पुन्हा तपासू ना.’

‘नको.’

‘अहो पण मॅडम स्वतः म्हणतायत…’

‘आणि दुसऱ्यांदाही तेच आलं तर?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘आत्ता निदान म्हणता तरी येतं की माझं चुकलं. दुसऱ्यांदा काय म्हणू?’

भांडणात मी आबांपुढे कधी हरले नव्हते, पण हे भांडणच नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, आपण गुपचूप देऊ नमुना. तो म्हणाला, म्हाताऱ्याला आणखी त्रास नको, सोड. सुट्ट्या लागल्या होत्या, रोज पंगतीवर पंगत बसत होती, जारवाल्याचा टेम्पो सकाळी दारात यायला लागला होता. पुढच्या आठवड्यात बघू, पाऊस पडून गेला की बघू. असं करत ते राहून गेलं. एक बाटली पाणी. ती विहीर चांगली होती की वाईट हे मला आजही माहीत नाही, आणि आबा ते न कळताच गेले याचं मला जितकं वाईट वाटतं तितकं दुसऱ्या कशाचं वाटत नाही.

तेव्हापासून उपसायची भीती आणि तपासायची भीती, त्यामुळे पाणी एरवी फक्त झाडांना जायचं. मी स्वयंपाकघराला शिस्त लावली. एकदा नाक कापलं गेलं होतं, पुन्हा नको होतं. कच्चं वेगळं, शिजलेलं वेगळं, फडकी वेगळी. प्यायला, शिजवायला जार. भांडी विसळायला कधी विहिरीचं आणावं लागलंच, तर ते आधी गॅसवर ठेवून खळखळून उकळायचं, मगच कुणी हात लावायचा. हा नियम मी मोठ्या अक्षरांत लिहून ओट्यावर चिकटवला. भाकरीवालीला येता-जाता टोचून बोलायचे. ती म्हणायची, ‘ताई, झोपेतपन पानी उकळते मी आता.’ झोपेत मीही उकळलं असतं. इतकं ते हातात बसलं होतं.

आबांनी पहिले एक-दोन दिवस जारच्या पाण्याने ताट सजवून पाहिलं. मग एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने घोट घेतला आणि सहज विचारलं, ‘आबा, पाणी बदललं का?’ बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. आबा म्हणाले, ‘हो, बदललं.’ ताट आत आणून माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं, आणि त्यानंतर ते दारात उभे राहिले नाहीत. गूळ आता टेबलावर वाटीत असतो. ज्याला हवा तो घेतो.

मला वाटलं निदान स्वतः तरी विहिरीचं पितील. जन्मभर प्यायले, आता काय होणार होतं त्यांना? पण नाही. ‘पाहुण्याला जे द्यायचं नाही ते घरात कसं प्यायचं?’ सासूबाईंचं फुलपात्र घेऊन यायचे आणि जारच्या तोटीखाली धरायचे. म्हणायचे, ‘ह्या पाण्याला चव कशी नाही गं? कुणी राहत नाही त्या घरासारखं.’ मी म्हणायचे, ‘चव नाही तेच चांगलं, आबा.’ किती मूर्खासारखं बोलत होते मी.

दिवाळीच्या सुमाराला मॅडम पुन्हा आल्या, सगळं बघून खूश झाल्या आणि हा ‘उत्तम’चा दाखला मिळाला. जाताना त्यांनी विचारलं, ‘ते आजोबा कुठेत? आज पाणी घेतलं असतं मी.’ आबा मागे होते. मी हाक मारली नाही. हातात ताट नसताना त्यांना कशाला बोलवायचं?

माघात आबा आडवे पडले. रोग असा काही नव्हता. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, घरीच ठेवा. मागच्या खोलीत त्यांची खाट खिडकीशी लावली, विहीर दिसेल अशी. जेवण सुटलं, बोलणं कमी झालं. नवरा त्यांच्याजवळून हलत नव्हता. खानावळ बंद ठेवू म्हटलं तर आबांनीच हाताने नको म्हणून खुणावलं.

त्या दुपारी ओटीवर पंगत बसलेली होती. भाकरीवाली आबांना बघून आली आणि म्हणाली, ‘ताई, आबा पानी मागतात. तुमच्या हातचं पाहिजे म्हनतात.’ मी हात पुसत आत गेले. आबांचे डोळे उघडे होते, आणि कित्येक दिवसांत नव्हते इतके स्वच्छ.

‘सूनबाई, आपलं पाणी दे.’

‘विहिरीचं?’

‘मग कुठलं?’ अगदी जुन्या सुरात, खेकसून. मला हसूच फुटलं. नवराही हसला. म्हातारा पुन्हा भांडायला लागला म्हणजे उठतोय आता, असंच मला वाटलं.

मी सासूबाईंचं फुलपात्र घेऊन विहिरीवर पळाले. पंप लावला नाही. दोर सोडून हाताने बादली काढली, पाणी गार होतं, माझ्या पावलांवर सांडलं. बादली घेऊन मागच्या दाराने आत आले. मागचं दार स्वयंपाकघरात उघडतं. बादली खाली ठेवली, हात साबणाने धुतले, पातेलं घेतलं, पाणी ओतलं आणि गॅसवर ठेवलं. भाकरीवालीने न सांगता लायटर पुढे केला. स्वयंपाकघरात आणखी दोघी होत्या. कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. विहिरीचं पाणी आत आलं की आधी गॅसवर.

जाणाऱ्या माणसाला कसले जंतू बाधणार होते? पण ते जाणार आहेत हेच मी धरलं नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की इतक्या दिवसांनी बोलतायत, त्यांना काही व्हायला नको. आबांनी ज्या मायेने विहीर उपसली, त्याच मायेने मी ते पाणी उकळलं. पाणी खळखळायला लागलं. मी ते फुलपात्रात ओतलं, या भांड्यातून त्या भांड्यात केलं, फुंकर घातली, गार पाण्याच्या थाळीत फुलपात्र उभं केलं. खळखळलेलं पाणी ते. लवकर कुठलं निवतंय.

तेवढ्यात नवऱ्याने हाक मारली. मी पदराने फुलपात्र धरून धावले. आबांचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि ओठांवर तुळशीचं पान होतं. नवऱ्याने उशाशी होतं ते जारचं पाणी चमच्याने त्यांना घातलं होतं. त्याचं काय चुकलं? हाताशी होतं ते त्याने दिलं.

मी खाटेशी बसले आणि फुलपात्र त्यांच्या ओठांपाशी नेलं. नवरा म्हणाला, अगं, पोळेल त्यांना.